माडी नसलेलं माडीचं घर

जव्हारच्या बाजारात कोणालाही विचारा, माडीचं घर कुठं? तो वाट दाखवेल, पण दाखवताना ओठांचा एक कोपरा दाबून धरेल. नवखा माणूस त्या घरासमोर उभा राहून बराच वेळ मान वर करून बघतो. घर बसकं. समोर काळ्या दगडाचा लांबलचक ओटा, त्यावर सागाचे खांब, वर मंगलोरी कौलं, कौलांवर शेवाळ आणि शेवाळाच्या वर थेट आभाळ. माडीचा पत्ता नाही.

आता आपल्या भाषेत माडी दोन प्रकारची. एक घरावर चढते, दुसरी डोक्यात. पहिली म्हणजे वरचा मजला. दुसरी आपल्या डोंगरात भेर्ली माडाला खाच पाडून ठिबकवतात ती, सकाळी साखरेसारखी गोड आणि दुपारनंतर ज्याची त्याची जबाबदारी. या घराच्या नावातली माडी कोणती, हे गावातल्या जाणत्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घराच्या मालकिणीला, आणि तिला सांगण्याची कोणाची छाती नव्हती.

मालकीण म्हणजे सुमनकाकू. सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या, आवाजानं मात्र भरदार. महिला मंडळाच्या अध्यक्ष किती वर्षं आहेत हे मंडळालाही आठवत नाही, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही. तरुणपणी त्यांनी बायकांना घेऊन ओढ्याकाठच्या हातभट्ट्यांवर चाल केली होती, मडकी फोडली होती, आणि एका भट्टीवाल्याची लाकडं त्याच्याच बायकोला विझवायला लावली होती. त्या समोरून येताना दिसल्या की चांगला शुद्धीतला माणूससुद्धा जरा जास्तच सरळ रेषेत चालायला लागे. अशा बाईला जाऊन कोण सांगणार, की काकू, तुमच्या घराच्या नावाला वास येतो म्हणून?

याचं मूळ त्यांच्या लग्नात आहे. काकूंचे वडील मोखाड्यात मास्तर. सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला माणूस. स्थळ आलं ते जव्हारचं, मुलगा दामोदर, बियाण्यांचं दुकान, स्वभाव गरीब. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात मध्यस्थानं कौतुकानं सांगितलं, "जव्हारात यांचं माडीचं घर म्हणजे प्रसिद्ध."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कसली माडी?"

बैठकीत सगळे एकदम आपापल्या बशीकडे बघायला लागले. पण काकूंचे सासरे मुरलेले गृहस्थ. त्यांची थाप अशी असे की, मारल्यावर त्यांचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसे. ते म्हणाले, "अहो, वरचा मजला. संस्थानच्या काळातला, गावातला पहिला. वाळवी लागली, उतरवावा लागला. नाव तेवढं राहिलं."

वाळवीनं वरचा मजला खाल्ला आणि खालच्या घराला तोंड कसं लावलं नाही, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांच्या घरात सुमनच्या पाठीवर आणखी दोन मुली होत्या. त्यांनी कप पुन्हा उचलला.

लग्न होऊन सुमन घरी आली आणि हळद उतरायच्या आत तिनं नवऱ्याला विचारलं, "माडी कुठून सुरू व्हायची?"

बापाची थाप मुलाच्या गळ्यात पडली ती अशी. दामोदरराव जात्याच अबोल. दुकानात गिऱ्हाईक आलं तर मुठीत बियाणं घेऊन पुढं धरत आणि मान हलवत, झाला सौदा. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ओट्याच्या कडेला दगडात ओळीनं गोल खळगे होते, वाटीएवढे खोल. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सज्ज्याचे खांब इथं होते."

एवढंच बोलून गप्प बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण नव्या नवरीचे डोळे असे चमकले की, त्या मुखदुर्बळ माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बोलायची चव लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिना सांगितला. स्वयंपाकघराच्या मागून जाणारा, शेवटची पायरी जरा उंच, त्यामुळं प्रत्येक पाहुणा वर पोचताना ठेचकाळायचा. मग पश्चिमेची खिडकी सांगितली. थंडीत आभाळ निवळलं की त्या खिडकीतून लांबवर एक चकाकणारी रेघ दिसायची, म्हातारे म्हणायचे तो समुद्र. मग जिन्याच्या तोंडाशी बसणारं मांजर सांगितलं. मांजराला नावसुद्धा दिलं.

सुमननंही ती माडी सजवायला घेतली. पलंग कुठं, कपाट कुठं. अंगणात कुरडया वाळत घातल्या आणि कावळ्यांनी नेल्या, तर ती म्हणे, "माडी असती तर एक गेली नसती."

"कावळ्यांना माडी चढता येत नाही होय?"

"खिडकी लावून घेतली असती."

"मग कुरडयांना ऊन कुठून मिळालं असतं?"

"तुम्ही ना, नसलेल्या माडीवरसुद्धा मला सुखानं वाळवण घालू देऊ नका."

अशी त्यांची भांडणं. घरातली जागा कमी पडली की ते दोघं वर चढत. लग्नानंतर काही वर्षं गेली, नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मान हलवली, आणि दोघं एसटीनं परत आली. घरी आल्यावर दामोदरराव चप्पल काढता काढता म्हणाले, "हे आपण माडीवर ठेवू." सुमननं मान डोलावली. त्या दिवसापासून तो त्या घराचा शब्द झाला. दिराशी वाटणीवरून वाद झाला, ठेवला माडीवर. मोखाड्याला मास्तर गेले आणि पावसात रस्ता बंद असल्यामुळं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, तेही माडीवर. त्या माडीवर इतकं सामान साठलं होतं की खरी असती तर एव्हाना कोसळलीच असती.

दामोदरराव गेले ते करोनाच्या आधीच्या पावसाळ्यात, जसे जगले तसेच, आवाज न करता. मागं राहिल्या काकू आणि घराचा अर्धा हिस्सा. दुसरा अर्धा दिराच्या मुलाचा, सुशीलचा.

सुशील नाशिकला असतो. पोरगा वाईट नाही. येताना काकूंना द्राक्षं आणतो, पाया पडतो, आणि उठता उठता घराची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजतो. दाभोशाचा धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते आणि लोकांना मुक्कामाला जागा मिळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. घर पाडायचं, खाली दुकानाचे गाळे, वर लॉजिंग. वरून म्हणाला, "काकू, वरच्या मजल्यावरची एक खोली तुमची. खरीखुरी माडी. खिडकी म्हणाल त्या दिशेला."

पोरानं नेम बरोबर साधला होता. काकूंची नजर कौलांच्या वर गेली, हे त्यानंही पाहिलं. पण मग म्हणाल्या, "ती तुझी माडी. आमची वेगळी होती."

त्याच सुमारास नगरपरिषदेनं गावातल्या जुन्या वास्तूंची वारसा यादी करायला घेतली. यादीत नाव लागलं की घराचा दर्शनी भाग बदलता येत नाही, पाडायचं तर नावच काढायचं नाही. काकूंनी तातडीनं अर्ज केला. या घराचं महत्त्व काय, या प्रश्नापुढं त्यांनी गावातल्या पहिल्या माडीचं असं वर्णन लिहिलं की, कागद संपला म्हणून पाठीमागं लिहिलं. मांजर तेवढं गाळलं. सुशीलनं हरकत नोंदवली. सोमवारी दोघांचं ऐकून समिती निकाल देणार होती.

त्याआधी समितीनं घर तपासायला रुचिरा नावाची मुलगी पाठवली. वास्तुरचनाकार, पायात बूट, हातात टॉर्च. ती शिडी लावून तुळयांपर्यंत चढली, भिंतींवर बोटांनी टकटक करत फिरली, स्वयंपाकघराच्या मागं बराच वेळ उभी राहिली. मग ओट्यावर येऊन बसली.

"आजी, या घराला वरचा मजला कधीच नव्हता."

"आजी तुझी तुझ्या घरी. मला काकू म्हण. आणि मजला होता. उतरवला."

"काकू, तुळया छपरापुरत्याच आहेत, मजल्याचं वजन त्यांनी एक दिवस पेललं नसतं. जिन्याची खूण कुठल्याच भिंतीला नाही. घर कितीही लिंपलं तरी खुणा ठेवतं."

"मग हे काय आहे?" काकूंनी विजयी मुद्रेनं खळगे दाखवले. "सज्ज्याचे खांब."

रुचिरा वाकली. बोटं खळग्यात फिरवली. "खांबाची बैठक सपाट असते. ही वाटीसारखी आहे, आणि आतून घासून गुळगुळीत झालीय. इथं काहीतरी गोल बुडाचं रोज ठेवायचे, रोज उचलायचे." ती वर बघून हळूच म्हणाली, "काकू, अडचण अशी आहे. अर्जात सगळं महत्त्व माडीचं लिहिलंय. ती उतरवली म्हटलं तर महत्त्वाचा भागच गेला. नव्हतीच म्हटलं तर अर्ज चुकीचा. दोन्हीकडून नाव लागत नाही. सोमवारी या घराचं खरं काय ते सांगा, नाहीतर मला काही करता येणार नाही."

ती गेली. काकू तडक शेजारी गौरामावशींकडे. गौरामावशी त्यांच्याहून मोठ्या, जन्म जव्हारचा, गावातली कोणतीही बातमी त्यांच्या ओसरीवर एक कप चहा घेतल्याशिवाय पुढं जात नाही.

"गौरामावशी, तुम्ही लहानपणी आमच्या जिन्यावर खेळायचात ना? तुम्हीच सांगितलंत."

गौरामावशींनी निवडायला घेतलेल्या तांदळात अचानक खूप खडे निघायला लागले. "खेळायचे म्हणजे... कुठल्यातरी जिन्यावर खेळायचे खरी."

"आमच्या?"

"तू नवीन आली होतीस. इतक्या हौसेनं विचारलंस. म्हटलं, पोरीचं मन कशाला मोडा."

"आणि नंतर पन्नास वर्षं?"

"नंतर तू मडकी फोडायला लागलीस. मग तर कोणाचीच हिंमत झाली नाही बाई."

काकू घरी आल्या त्या पाय आपटत. ओट्यावर लाडकी बसली होती. लाडकी दाभोशाची. बाजाराच्या दिवशी जीपनं भाजी घेऊन येते, पहिली टोपली काकूंच्या ओट्यावर उतरवते, पाणी पिते आणि मग बाजारात जाते. तिची आई पण अशीच यायची. आज तिनं नेहमीसारखी टोपली ठेवली, ती खळग्यांच्या ओळीला सोडून, जरा आत. काकूंच्या ते आज पहिल्यांदा डोळ्यांत भरलं.

"लाडके, तू टोपली इथं कडेला कधीच का ठेवत नाहीस?"

"ती मडक्यांची जागा हाय. टोपलीची नाय."

"कसली मडकी?"

लाडकी टोपलीतली मेथी उगाच वरखाली करायला लागली. "बाई, तू रागं भरशील."

"नाही भरणार."

"तू नाय भरणार म्हनतेस तवाच भरतेस."

"लाडके."

"माडीची," लाडकी म्हणाली. "मडक्याचा बूड गोल. सपाट जागेवर बसंल का? म्हनून खळगं पाडलं. आमचा आजा पहाटं माड उतरून निघं, ऊन चढायच्या आत हितं. सगळ्या पाड्यांची मडकी हितं ओळीनं. तुझा आजेसासरा चाखून बघं. गोडी एकीकडं, चढलेली एकीकडं. राजाचा हुकूम व्हता, माडी या घरालाच घालायची."

काकू ओट्यावर टेकल्या. दारूबंदीची इतकी भाषणं ज्या ओट्यावर बसून लिहिली, तो ओटा हा असा होता.

"माझे आयची सोयरीक हितंच झाली," लाडकीला आता थांबवत नव्हतं. "पोराकडचं, पोरीकडचं हितं बसायचं. एका पानात माडी वतायची, दोघांनी प्यायची. प्यालं का शब्द पक्का. मंग मोडायचा नाय. आमचे पाड्यातल्या किती म्हाताऱ्यांचं लगीन या दगडावर ठरलंय. त्या अजून म्हनतात, माडीचे घरी दिली मला."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू मडकी फोडतीस बाई. तुला कोन सांगंल, तुझंच घर मडक्याचं हाय?"

लाडकी गेल्यावर काकू आत जाऊन दामोदररावांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. "वाळवी म्हणे," त्या म्हणाल्या. "आणि मांजर. मांजर कशाला हवं होतं मध्ये?" फोटोतले दामोदरराव गिऱ्हाइकापुढं मूठ धरावी तसे बघत होते. काकूंना आधी राग आला, मग हसू आलं, मग हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. थाप सासऱ्यांची होती, ती एका वाक्यात संपली असती. एवढा मजला बांधला तो या माणसानं, दर संध्याकाळी थोडा थोडा, दुसरं काही द्यायला जवळ नव्हतं म्हणून. आणि आता घर वाचवायचं तर सोमवारी चारचौघांत उभं राहून तो आपल्याच तोंडानं उतरवायचा. वर ठेवलेलं सगळं कुठं न्यायचं, याचा विचार त्यांनी त्या दिवशी केला नाही.

सोमवारी नगरपरिषदेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. गौरामावशींच्या ओसरीवरून बातमी सुटली होती ना. महिला मंडळ तर पूर्ण हजर, पहिल्या दोन रांगांत. समितीतली माणसं टेबलामागं, रुचिरा एका टोकाला, आणि सुशील इस्त्रीच्या शर्टात.

काकू उभ्या राहिल्या. भाषणाची सवय असलेली बाई, पण आज सुरुवात नमस्कारानं केली नाही.

"मी अर्जात लिहिलंय ते चुकीचं आहे. माझ्या घराला माडी कधीच नव्हती. मला ती माझ्या नवऱ्यानं सांगितली होती."

सभागृहात कोणी हसलं नाही. इतकी वर्षं ज्यांनी ओठांचा कोपरा दाबून धरला होता, ते तो दाबायचंही विसरले.

मग काकूंनी मडकी सांगितली. खळगे कशाचे, पाडे कुठले कुठले, गोडी कुठं आणि चढलेली कुठं, एका पानातून पिऊन पक्क्या झालेल्या सोयरिकी. लाडकी दाराशी उभी होती, तिला पुढं बोलावलं. तिनं तिच्या पाड्यातल्या म्हाताऱ्यांची नावं घेतली, ज्यांची लग्नं तिथं ठरली होती, आणि मध्येच थांबून समितीला विचारलं, "तुमी लिवून घेता ना? का नुसतं बघता?" मग रुचिरानं लिहायला घेतलं.

सुशील उठला. तयारी करून आला होता. "काकू, तुम्हीच भाषणात म्हणायचात, जिथं पाजतात ती जागा गावाला कलंक. आम्ही शाळेत असताना टाळ्या वाजवल्यात त्यावर. आता कलंकाला वारसा म्हणायचं?"

पहिल्या दोन रांगा काकूंकडे बघायला लागल्या. हा प्रश्न त्यांच्याही मनात होता.

"म्हणायचे, आणि उद्याही म्हणेन," काकू म्हणाल्या. "मी फोडली ती मडकी, सुशील. ज्यांच्या पायी बायका मार खात होत्या ती. हा दगड आहे. यानं कोणाला मारलं नाही. यावर बसून लोकांनी एकमेकांना शब्द दिले आणि पाळले. तुझ्या पणजोबांनी पोट भरलं ते यावरच. मला लाज वाटायची ती वाटून झाली, बाजाराच्या दिवसापासून वाटत होती. पण लाज वाटते म्हणून घर पाडायचं म्हटलं, तर गावात किती घरं राहतील ते तूच मोज."

मागून कोणीतरी म्हणालं, "एकही नाही." मग मात्र लोक हसले. सुशीललाही हसू आवरलं नाही. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगितलंय.

समितीनं आपसांत बोलून घेतलं. खळग्यांची अशी ओळ असलेला ओटा आसपास दुसरा पाहण्यात नाही, असं रुचिरानं सांगितलं. घर आणि ओटा, दोन्ही यादीत आले. परसात सुशीलला दोन खोल्या काढायची मुभा मिळाली, पुढून दिसणार नाहीत अशा बेतानं. तो गाडीत बसताना काकूंना म्हणाला, "काकू, लॉजला नाव काय देऊ?" काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं काच वर केली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लाडकी पहिल्या जीपनं आली. काकूंनी तिला निरोपच धाडला होता. आता घर बघायला माणसं येणार, रुचिरा शाळेची मुलं पाठवणार, कोणी विचारलं की चव कशी असते, तर अध्यक्षांनी काय सांगायचं? लाडकीनं पदराखालून लहानसं मडकं काढलं, पहाटेचं, अजून न चढलेलं. कुठं ठेवायचं म्हणून तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी कडेच्या खळग्याकडे मान हलवली. मडकं जागेवर बसलं, हललं नाही. लाडकीनं पळसाच्या पानाचा द्रोण भरला. काकूंनी रस्त्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

शेजारच्या ओसरीवर गौरामावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या सुपातले खडे संपायच्या आत बातमी बाजाराच्या खालच्या टोकाला पोचली, आणि तिथं पोचेपर्यंत द्रोणाचं मडकं झालं होतं.

त्या संध्याकाळी महिला मंडळाची बैठक होती. एरवी निम्म्या बायकांचं डोकं दुखतं. त्या दिवशी सतरंजी पुरली नाही. काकू आल्या, बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आधी विषयपत्रिकेवरचे विषय घेऊ."

"काकू, ते राहू दे," मागून कोणीतरी म्हणालं. "आधी सांगा, कशी होती?"